वाचक विचारतात : दहावीचा निरोप आणि आठवणींची पुस्तिका

या वेळच्या टपालात निरोप समारंभाची पत्रं सगळ्यात जास्त आहेत, आणि बहुतेकांचा सूर एकच : दिवस कमी आहेत. ते खरंच आहे. २०२५मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. तोंडी आणि प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी असतात. म्हणजे समारंभ जानेवारीअखेर उरकायला हवा आणि पुस्तिकेचं काम नाताळाच्या सुट्टीआधी हातात घ्यायला हवं. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या दहावी ‘ब’मध्ये ५२ जण आहेत. निरोपाला आठवणींची छापील पुस्तिका द्यायची ठरली आहे. सगळ्यांकडून आठवणी मागवल्या, पण चाळीसेक जणांनी एकच लिहिलंय : ‘शिक्षक खूप प्रेमळ होते, आम्ही खूप मजा केली, हे दिवस कधीच विसरणार नाही.’ आता काय करायचं? — विद्यार्थी संपादक, सातारा

तुमच्या वर्गमित्रांनी मनापासूनच लिहिलं आहे. पण ‘शाळेची आठवण लिहा’ म्हटलं की पाचवीपासून घोटलेला ‘माझी शाळा’ हा निबंध आपोआप हाताखालून उतरतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाला तेवढंच गुळगुळीत उत्तर येणार. म्हणून प्रश्न लहान करा, इतके लहान की उत्तरात एखादी वस्तू, एखादी जागा किंवा कुणाचं तरी एखादं वाक्य यावंच लागेल. कुणाच्या डब्यावर सगळ्यांचा हात पहिला पडायचा आणि त्यात काय असायचं? ऑफ तासाला दार लोटून घेतल्यावर पहिली पाच मिनिटं काय चालायचं? प्रयोगशाळेत कोणता वास कायम असायचा? कुठल्या बाकाचा पाय डुगडुगायचा आणि त्याखाली कशाची घडी घातली होती? कुणाची कंपासपेटी अख्ख्या रांगेची होती? प्रार्थनेला हसू आलं की कोण कुठे बघायचं?

हे प्रश्न वाटून ‘घरून लिहून आणा’ असंही म्हणू नका. चौघाचौघांचे गट करा, मधल्या सुट्टीत वीस मिनिटं बसा. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच शब्द कागदावर उतरवायचे, उरलेल्या दोघांनी ‘नाही रे, तो तास भूगोलाचा होता’ असं मध्येच तोडायचं. आठवण या तोडण्यातून नेमकी होत जाते. आठवीचं वेळापत्रक, सहलीची जुनी सूचना, स्नेहसंमेलनातला मुकुट असं काही मध्ये ठेवलं तर बोलणं लवकर सुरू होतं. एरवी गप्प बसणाऱ्या मुलाकडे गोष्ट मागू नका, यादी मागा. ‘वर्गाच्या खिडकीतून काय काय दिसायचं?’ एवढं विचारलं तरी तो सहा गोष्टी सांगेल, आणि पुष्कळदा पुस्तिकेतलं सगळ्यात चांगलं पान तेच ठरतं.

फरक कसा पडतो ते पाहा. हाती आलेलं वाक्य : ‘मधल्या सुट्टीत आम्ही डबा वाटून खायचो, खूप मजा यायची.’ चार प्रश्न विचारल्यावर त्याचंच असं होऊ शकतं : ‘सुट्टी साडेबाराला व्हायची, पण तिसऱ्या बाकावरचा डबा बाराच्या भूगोलालाच उघडायचा. बाई नकाशा टांगायला वळल्या की झाकण निघायचं. ते खाली ठेवताना वाजू नये म्हणून त्याच्याखाली स्वाध्यायाची वही असायची. आवाज कधीच झाला नाही. लसणाच्या चटणीचा वास मात्र थेट फळ्यापर्यंत जायचा.’ या दुसऱ्या उताऱ्यात ‘मजा’ हा शब्द एकदाही नाही, तरी वाचणारा हसतो. संपादकाचं काम एवढंच : वेळ, जागा, वस्तू आणि आवाज विचारून घ्यायचे, ‘खूप’, ‘अविस्मरणीय’ आणि ‘सोनेरी दिवस’ काढून टाकायचे. बोलणाऱ्याची बोली मात्र प्रमाण करू नका. एखादी मुलगी ‘काय लगा, सर आले की’ असं बोलत असेल तर तसंच छापा.

एका आठवणीला ६० ते ८० शब्द पुरतात. त्यापुढे गेली की बहुतेक वेळा शेवटी उपदेश चिकटलेला असतो. तो कापा.

नेहमी होणारी आणखी एक चूक म्हणजे सगळ्या किश्श्यांत तीच आठ-दहा मुलं येतात : वर्गातला विनोदी, मॉनिटर, कबड्डीचा कप्तान. उरलेल्या चाळीसेक जणांना आपण या वर्गात होतो की नव्हतो असं वाटतं. म्हणून हजेरीपटाच्या क्रमानं तक्ता करा आणि दोन रकाने आखा. एकात त्यानं सांगितलेली आठवण, दुसऱ्यात त्याचं नाव ज्या आठवणीत आलं ती. दोन्ही रकान्यांत प्रत्येकाच्या नावापुढे खूण पडल्याशिवाय मजकूर डीटीपीला (संगणकावर पानं जुळवायला) द्यायचा नाही. कुणाचा दुसरा रकाना रिकामा राहिला, तर त्याच्या बाकावरच्या शेजाऱ्याला गाठा. दोन वर्षं शेजारी बसलेल्याला काही ना काही ठाऊक असतंच.

गेल्या वर्षी फिशपाँडच्या कार्यक्रमात एक मुलगी रडत स्टेजवरून उतरली. या वर्षी फिशपाँड बंदच करावेत असं काही शिक्षकांचं मत आहे. मुलांचा हट्ट आहे की हवेतच. — वर्गशिक्षिका, सांगली

बंद करू नका, बाई. शेलापागोटे म्हणा की फिशपाँड, एकमेकांवर लिहिलेल्या चेष्टेच्या चिठ्ठ्याच त्या. शाळेच्या शेवटच्या महिन्यात मुलं एकमेकांना किती बारकाईनं बघत होती ते याच कार्यक्रमात कळतं. बिघाड होतो तो तीन ठिकाणी, आणि तिन्ही दुरुस्त करता येतात.

पहिला बिघाड निनावी चिठ्ठीचा. नाव नसलं की पेन धारदार होतं. चिठ्ठीच्या मागे लिहिणाऱ्याचं नाव सक्तीचं करा. ते स्टेजवर वाचायचं नाही, पण निवड करणाऱ्यांना दिसलं पाहिजे. एवढ्या एका नियमानं दुखावणाऱ्या चिठ्ठ्या पेटीत पडायच्या जवळपास थांबतात. दुसरा बिघाड, पेटी त्याच दिवशी उघडून थेट माईकवर वाचण्याचा. पेटी समारंभाच्या पाच दिवस आधी बंद करा. तुम्ही, एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी असे तिघं बसून प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचा. मोठ्यानं वाचणं महत्त्वाचं, कारण कागदावर निरुपद्रवी दिसणारं वाक्य कानावर पडलं की टोचतं. तिघांपैकी एकानं जरी ‘नको’ म्हटलं तरी चिठ्ठी बाजूला, चर्चा नाही. तिसरा बिघाड मोजणीचा : एकावर पाच फिशपाँड, दहा जणांवर एकही नाही. माणशी एकच ठेवा. वाचन, हशा आणि स्टेजवर येऊन चिठ्ठी घेणं धरून एकाला साधारण ४५ सेकंद लागतात. म्हणजे ५० जणांचा कार्यक्रम ३८-४० मिनिटांत होतो, आणि त्याहून लांबवू नये.

विषयांची मर्यादा आधीच फळ्यावर लिहा. चेष्टा सवयीची करायची, शरीराची नाही. उशिरा येणं, सतत पेन मागणं, सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणं, पावसाळ्यात रोज छत्री विसरणं, हे चालेल. रंग, उंची, वजन, अडखळत बोलणं, गुण, घरची परिस्थिती, वडलांचा धंदा, जात, आडनाव यांपैकी काहीही चालणार नाही. मुला-मुलीची नावं जोडणं तर अजिबात नाही. त्यातला हशा दहा सेकंद टिकतो आणि मुलीच्या घरी त्याचे प्रश्न महिनाभर पुरतात. कुणाला आपल्यावर फिशपाँड नकोच असेल तर तसं आधी गुपचूप सांगायची मुभा ठेवा आणि कारण विचारू नका.

मुलांना नमुना लागतो. हे दोन वाचून दाखवा.

पेन आहे का, पट्टी आहे का, कोरा कागद दे ना जरा,
दप्तर याचं रिकामं तरी गृहपाठ याचा रोज पुरा!

आणि उशिरा येणाऱ्यासाठी :

प्रार्थना झाली, हजेरी झाली, फळाही पुसून झाला,
‘आत येऊ का सर?’ — आज हा जरा लवकरच आला!

दोन्हींत ज्याच्यावर लिहिलंय तोच आधी हसेल. कसोटी हीच लावायची. शंका आली तर त्याच्या जवळच्या मित्राला आदल्या दिवशी चिठ्ठी दाखवा. मित्राचा चेहरा पडला की उत्तर मिळालं.

शिक्षकांवर फिशपाँड करायचे तर मुख्याध्यापकांना विचारून, आणि फक्त पालुपदांवर. ‘हे बोर्डाला हमखास येतं’, ‘मागच्या बाकावर संमेलन भरलंय का?’, ‘माझा आवाज शेवटपर्यंत येतोय ना?’ अशी वाक्यं प्रत्येक शिक्षकाची ठरलेली असतात. ती गोळा करून ‘ओळखा पाहू कोण’ असा खेळ केला तर शिक्षकच सगळ्यात जास्त हसतात. टोपणनावं मात्र स्टेजवर आणू नका. बरीचशी चालण्यावरून नाहीतर दिसण्यावरून पडलेली असतात.

आठवणी तयार आहेत. आता पानं किती, कागद कोणता, किती प्रती हे कळत नाही. छपाईवाले म्हणतात, ‘पानं चारच्या पटीत आणा.’ का? — दहावीचा वर्ग, जुन्नर

ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्ह आकाराची चार पानं होतात. मध्ये पिन मारून पुस्तिका करायची तर एकूण पानं चारच्या पटीतच येणार. तुमचा मजकूर ३० पानांचा झाला तर दोन पानं कोरी राहतील, ३३ झाला तर ३६ छापावी लागतील. म्हणून आराखडा आधी करा. ५२ मुलांच्या आठवणी, पानावर दोन, म्हणजे २६ पानं. आतलं शीर्षकपान १, शिक्षक आणि सेवकवर्गाची नावं १, वर्गाचा एकत्र फोटो २, आठवीपासून दहावीपर्यंतची वेळापत्रकं १, निवडक फिशपाँड १. झाली ३२. म्हणजे प्रतीला ८ कागद आणि वर मुखपृष्ठ. ८० प्रती हव्या असतील तर ६४० कागद, वाया जाणारे धरून ७००. रीम ५०० कागदांचं असतं, तेव्हा दोन रीम घ्या.

आतला कागद ७० किंवा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा, चकाकी नसलेला कागद घ्या. त्याहून पातळ घेतला तर पाठीमागची अक्षरं दिसतात. फोटोची दोन पानं मधोमध, म्हणजे १६ आणि १७ वर ठेवली तर तेवढा एकच कागद १३० जीएसएमच्या गुळगुळीत आर्टपेपरचा घालता येतो आणि मोठा फोटो दोन्ही पानांवर सलग बसतो. मुखपृष्ठाला २५० जीएसएम पुरे. मधली पिन ४८ पानांपर्यंत चांगली बसते. त्यापुढे पुस्तिका मिटत नाही, फुगून राहते. दुमडल्यावर आतली पानं किंचित बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त कापली जाते. म्हणून बाहेरच्या बाजूला किमान १५ मिलिमीटर समास सोडा आणि पानांचे आकडे अगदी कडेला ठेवू नका.

देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. ११ पॉइंटचं अक्षर असेल तर ओळींतलं अंतर १६ पॉइंट ठेवा. असं बसवलं की ए-फाइव्ह पानावर ८० शब्दांच्या दोन आठवणी, वर नावं आणि बाजूला छोटे फोटो आरामात मावतात.

डीटीपी करून आलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’चं भलतंच झालंय, वेलांट्या पुढच्या अक्षरावर गेल्या आहेत. आम्ही फोनवर टाइप केलं तेव्हा सगळं बरोबर होतं. — विद्यार्थी, लातूर

फोनवरचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीत असतो. बऱ्याच डीटीपी केंद्रांत अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात, आणि पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर तर युनिकोड ओळखतच नाही. मग मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि त्यात नेमकी मराठीची खास अक्षरं मार खातात : ऱ्या, ऱ्ह, ॲ, ऑ. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम होत असेल आणि फक्त वेलांट्या जागा सोडत असतील, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ निवडायचं राहिलं आहे. ते निवडलं की वेलांटी जागेवर येते.

मजकूर द्यायच्या आधी एका कागदावर हे शब्द छापून मागा : दुसऱ्या, ऱ्हस्व, कऱ्हाड, ॲल्युमिनियम, ऑफ तास, विद्यार्थ्यांच्या, बुद्धी, श्रुती. आठही बरोबर उमटले तर पुढे जा. फॉन्टचाच प्रश्न असेल तर मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ मोफत मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. शेवटची पीडीएफ फॉन्ट एम्बेड करूनच (फाइलमध्येच घालून) काढायला सांगा, नाहीतर छपाईच्या संगणकावर पुन्हा तोच गोंधळ होईल. आणि मुद्रितं (प्रुफं) दोघांनी तपासा : एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवायचं. नावं मात्र हजेरीपटाशी वेगळी ताडून पाहा. शुद्धलेखनाची चूक लोक विसरतात, पण पुस्तिकेत आपलंच नाव चुकलेलं माणूस विसरत नाही.

वर्गाच्या फोटोत दरवर्षी कुणाचे तरी डोळे मिटलेले असतात. ५२ मुलं आणि ६ शिक्षक आहेत. कसं उभं करावं? — शिक्षक, नंदुरबार

डोळ्यांचा हिशेब कुणीतरी खरोखरच करून ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी तो केला आणि त्यांना २००६ साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक मिळालं. वीसपर्यंत माणसं आणि चांगला उजेड असेल तर माणसांच्या संख्येला तीननं भागा, उजेड कमी असेल तर दोननं. तेवढे फोटो काढले की एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला मिळण्याचा संभव पुष्कळ. पन्नासच्या घरात माणसं गेली की मात्र एकाच फोटोत सगळं साधण्याची आशा धरू नये. तुमचे ५८ आहेत. तेव्हा कॅमेरा स्टँडवर पक्का ठेवून, कुणालाही न हलवता १०-१२ फोटो घ्या. मिटलेले दोन-तीन चेहरे दुसऱ्या फोटोतून उचलून बसवणं फोटोग्राफरला सोपं जातं. स्टँड नसेल तर ते जमत नाही.

रांगा अशा लावा : सतरंजीवर १४, खुर्च्यांवर १४ (मध्ये सहा शिक्षक, दोन्ही बाजूंना चार-चार मुलं), मागे जमिनीवर उभे १५, त्यामागे बाकांवर उभे १५. बाक एकमेकांना टेकवून ठेवा आणि टोकांना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपैकी कुणी धरून उभं राहू दे. कडेचा बाक कलंडतो तो मुलं एकदम एका बाजूनं चढली म्हणून. रांग कॅमेऱ्याच्या आवाक्यापेक्षा रुंद झाली तर सगळ्यांना किंचित तिरकं, मध्याकडे खांदा करून उभं करा.

वेळ सकाळची, जागा इमारतीच्या सावलीत. वडाखाली फोटो छान येईल असं वाटतं, पण पानांतून येणाऱ्या उन्हाचे पांढरे ठिपके चेहऱ्यांवर पडतात. आणि मुलं उठायच्या आत एकानं कागदावर डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार नावं लिहून घ्यावीत. हे काम ‘नंतर करू’ म्हणून राहतं आणि वीस वर्षांनी त्याच फोटोतल्या मागच्या रांगेतला पाचवा कोण यावर वाद होतात.

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो. छपाईत १० सेंटिमीटर रुंद फोटो हवा असेल तर मूळ फोटो रुंदीला १२०० पिक्सेलच्या आसपास पाहिजे.

शेवटच्या दिवशी गणवेशाच्या शर्टावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ताईच्या शर्टावरच्या सह्या दोन वर्षांत पुसट झाल्यात. माझ्या टिकाव्यात म्हणून काय करू? — दहावी उत्तीर्ण विद्यार्थिनी, अकोला

ताईच्या शर्टावर बहुधा बॉलपेन किंवा साध्या स्केचपेननं सह्या असतील. त्यांची शाई कापडात पक्की बसत नाही. तुझ्या शर्टावर कापडाच्या मार्करनं सह्या असतील तर दोन दिवस वाळू दे, मग शर्ट उलटा करून, वर सुती फडकं ठेवून, वाफ न देता इस्त्री फिरव. एका जागी सलग दाबून ठेवू नकोस. गणवेश टेरिकॉटचा असतो, म्हणून उष्णता मध्यम ठेव, नाहीतर कापड चमकतं आणि आकसतं. साधा परमनंट मार्कर असेल तर तो पाण्यानं जात नाही, पण स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागलं की पसरतो. त्यावर अत्तरही उडवू नकोस.

बॉलपेनच्या सह्या असतील तर शर्ट धुवूच नकोस. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून, उन्हापासून दूर, कपाटात सपाट ठेव. आणि आजच दिवसाउजेडी पुढून-मागून फोटो काढ. कापडाचं काही झालं तरी सह्या राहतील.

ज्यांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत त्यांच्यासाठी : शर्टाच्या आत जाड पुठ्ठा सरकवा, कापड ताठ होतं आणि शाई पाठीमागे उतरत नाही. पाठीचा भाग आधी भरतो, म्हणून जवळच्या मैत्रिणींसाठी खिशाची बाजू राखून ठेवा. आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला लागणारा शर्ट वेगळा ठेवा!

आमची दहावीची तुकडी २००० सालची. शाळेत पुन्हा जमायचं ठरलंय. ६० पैकी २५ जणांचाच पत्ता लागतो, त्यात मुली फक्त चार. — माजी विद्यार्थी, चिपळूण

आधी यादी पक्की करा. शाळेकडे जनरल रजिस्टर असतं, त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख आणि आधीची शाळा नोंदलेली असते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि तुमच्या तुकडीची फक्त नावं मागा. मुलींचा पत्ता लागत नाही तो आडनाव बदलल्यामुळे. त्यांना समाजमाध्यमांवर शोधत बसण्यापेक्षा माहेरच्या गावात विचारा. किराणा दुकान, पोस्ट, देवस्थानचे पुजारी यांना लेक कुठे दिली ते ठाऊक असतं. निरोप भावाकडून किंवा आईकडून पोहोचवा, नंबर थेट मागू नका. तिला वाटलं तर ती स्वतः फोन करेल. जमण्याच्या दिवशी छातीवरच्या बिल्ल्यावर हजेरीतलं नाव मोठं आणि आताचं नाव खाली लहान लिहा.

कार्यक्रमात भाषणं अर्ध्या तासात संपवा आणि सगळ्यांना जुन्या बाकांवर, जुन्या जागी बसवा. कोण कुठे बसायचं यावरून जो कल्ला होतो, त्यातच निम्म्या आठवणी वर येतात. हजेरी त्या वेळच्याच क्रमानं घ्या. तुमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असायची (२०१६-१७मध्ये ती पाचवी आणि आठवीला गेली). स्कॉलरशिपच्या जादा तासांना कोण कोण यायचं, चित्रकलेच्या एलिमेंटरीला रंग कुणाचे वापरले, असे प्रश्न विचारले की माणसं लगेच वर्षांनिशी बोलू लागतात.

दोघांच्या आठवणी जुळणार नाहीत. ट्यूबलाइट कुणी फोडली याच्या तीन हकिगती निघतील. निवाडा करू नका. तिन्ही, सांगणाऱ्यांच्या नावांसकट, शेजारी शेजारी छापा. ती पानं सगळ्यात जास्त वाचली जातील. जे हयात नाहीत त्यांची नावं वेगळ्या काळ्या चौकटीत टाकू नका. हजेरीच्या क्रमानं त्यांच्या जागीच ठेवा आणि त्यांच्याबद्दलचा एक हसरा प्रसंग त्यांच्या घरच्यांना आधी वाचायला देऊन मगच छापा.

छपाईचा खर्च झेपणारा नाही. हस्तलिखित करून झेरॉक्स काढल्या तर? — मराठी शाळेतील शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)

जरूर करा. हस्तलिखिताला मुलांच्या अक्षराची जी ओळख असते ती छापलेल्या पानाला येत नाही. फक्त काळ्या जेलपेननं लिहायला सांगा, निळी शाई झेरॉक्समध्ये फिकी येते. ओळी सरळ याव्यात म्हणून कोऱ्या कागदाखाली जाड रेघांचा कागद ठेवा. चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर जागा सोडा, कारण मशीन कडेचा भाग उमटवत नाही. खोडलेल्या जागी पांढरी शाई लावली तर पूर्ण वाळू द्या, नाहीतर ती मशीनच्या काचेला लागते आणि पुढच्या प्रत्येक प्रतीवर काळा डाग येतो. चित्रं रेषांची काढा. पेन्सिलीच्या छटा उतरत नाहीत.

पुस्तिकेत सगळ्यांचे फोन नंबर आणि वाढदिवस द्यायचे का? — पालक, ठाणे

नको. पुस्तिकेची पीडीएफ त्याच संध्याकाळी पाच गटांत फिरते आणि मुलं अजून १५-१६ वर्षांची आहेत. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यातही १८ वर्षांखालच्यांना बालक मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे. नंबर आणि वाढदिवस एकमेकांना हवेच असतात, त्यासाठी शेवटची दोन पानं फक्त रेघा आखून कोरी ठेवा. पुस्तिका हातात पडली की मुलं आपापल्या मित्रांकडून ती पेननं भरून घेतील. समारंभात त्यासाठी जेवणानंतर थोडा वेळ मोकळा ठेवा, आणि दहा-बारा पेनं जास्तीची आणून ठेवा.